कुकर आणि एअर फ्रायर एकाच भांड्यात: घ्यायचं की नाही?

दोन झाकणांवाला ६ लिटरचा कुकर-कम-एअर फ्रायर घेतलाय, कंपनीचं नाव नको. घेण्याआधी एकच गोष्ट बघा, ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आहे का, कारण मशीन १५०० वॅटचं असलं तर २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर खेचतं आणि साध्या ६ अँपिअरच्या प्लगला ते झेपत नाही, वर मिक्सरची एक्स्टेंशन लावली तर विषयच संपला.

कुकर म्हणून मस्त. छोले, राजमा, मटण लावून खुशाल बाहेर जा, शिट्ट्या मोजायची भानगड नाही. फक्त प्रेशर गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतं आणि ते भरायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून दोन माणसांच्या वरणभातासाठी हे काढूच नका, गॅसवर पटकन होतो. फोडणी केल्यावर तळ पाणी घालून नीट खरवडा, मसाला चिकटलेला राहिला की मशीन 'बर्न' दाखवून बसतं. झाकणाच्या सिलिकॉन रिंगला मटणाचा असा वास बसतो की त्यात खीर करायची हिंमत होत नाही, जास्तीची रिंग घ्याच.

एअर फ्रायरमध्ये उकडलेली अळूवडी आणि कोथिंबीर वडी तेलाचा हात लावून एक नंबर होते, कडा अगदी कुरकुरीत. भजी विसरा, पातळ पीठ जाळीतून खाली गळतं. पापड पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटला आमच्याकडे 😂

बास्केट खोल पण अरुंद, चौघांच्या वड्या दोन घाण्यात कराव्या लागतात. ओटा लहान असेल आणि कुकर आधीच असेल तर नुसता एअर फ्रायर घ्या.