कोथिंबीर वाटीनं मोजावी की काट्यावर?

डाळीचं पीठ वाटीनं मोजलं तरी फारसं बिघडत नाही. पाल्याचं तसं नाही. कोथिंबीर, मेथी, पुदिना मोजताना हात बदलला की माप बदलतं. म्हणूनच स्वयंपाकघरात काटा घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आधी कोथिंबीर वडीचं सांगतो.

आमच्या घरचं प्रमाण दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी डाळीचं पीठ. आईच्या वळकट्या उकडल्यावर सुरेख कापल्या जायच्या. मी केल्या की आत नुसता पिठाचा गोळा, कोथिंबीर शोधावी लागे. तीन-चारदा असं झाल्यावर फोन करून विचारलं, "दोन वाट्या म्हणजे सैल की दाबून?" ती म्हणाली, "अरे, बसेल तेवढी."

पुढच्या वेळी घरी गेलो तो काटा घेऊनच. तिची वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि तिला भरायला सांगितलं. ती वाटी भरते, तळव्यानं दाबते, पुन्हा भरते, पुन्हा दाबते. 46 ग्रॅम. तीच वाटी मी भरली, 21. तेव्हापासून माझं प्रमाण सोपं झालं: 90 ग्रॅम कोथिंबिरीला 90 ग्रॅम पीठ. वडी एकदाही फसलेली नाही.

काट्यालाही एक पथ्य आहे. धुतलेल्या पाल्याबरोबर पाणीही तोललं जातं. मी जुडी निवडून, धुऊन, चाळणीत निथळवून अर्धा तास पंचावर पसरतो, मग चिरतो आणि मगच वजन करतो. घाईच्या दिवशी हे जमत नाही, हे खरं. अर्थात ओला पाला वाटीतही जास्तच दबून बसतो.

सुक्या पाल्याला मात्र चमचाच बरा. घरगुती काटा एकेका ग्रॅमनं पुढे सरकतो, आणि छोटा चमचाभर कसुरी मेथी ग्रॅमभरही भरत नाही. फक्त आधी मोजावी, मग चुरावी.

ताज्याच्या जागी सुकं घालायचं तर तीनास एक हा नेहमीचा हिशेब. तो चमच्यांचा आहे, वजनाला लावू नये. मी 250 ग्रॅम निवडलेली मेथी सावलीत वाळवली, तर हाती जेमतेम 35 ग्रॅम आली. पाल्यात बहुतेक पाणीच असतं.

आमटीवर पेरायची कोथिंबीर कोणी तोलू नये. ज्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे त्यांनी वाटी सोडायचीही गरज नाही. पण एकाची कृती दुसऱ्याला द्यायची असेल, तर माझं मत काट्याला.

मेलबर्नच्या ताईनं वडीचं प्रमाण मागितलं, तेव्हा हे फार जाणवलं. तिथला कप 250 मिलीचा, अमेरिकेतला साधारण 237 चा. मोठा चमचा तिच्याकडे 20 मिलीचा, आपल्याकडच्या संचात 15 चा. मी तिला फक्त ग्रॅम कळवले. तिला 90 ग्रॅमसाठी तीन जुड्या निवडाव्या लागल्या; मला इथे थंडीत एकीतच भागतं. वळकटी कापल्याचा फोटो तिनं त्याच संध्याकाळी पाठवला, हिरवीगार आणि कुठेही न फुटलेली.