बाबांचं कार्ड एटीएममध्ये बदललं गेलं, त्याची हकिगत

बाबा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे होत नसे. अशा माणसाच्या खात्यातून बारा तासांत ७३,४०० रुपये गेले. ज्यांचे आईवडील गावी असतात आणि पैसे काढायला एकटे तालुक्याला जातात, त्यांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचावं.

२६ ऑगस्ट २०२५, हरतालिका. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मी मुंबईहून गावी पोचलो होतो, माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधायच्या गडबडीत होतो. बाबा सामान आणायला कुडाळला गेले आणि तिथे एटीएमच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला, कार्ड घातलं, पिन टाकला, पण मशीन पुढे सरकेना. मागचा तरुण पुढे झाला. "काका, चिप मळली आहे, पुसून घाला." त्यानेच कार्ड ओढलं, खिशातल्या रुमालाने पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी पुन्हा पिन टाकला. चुकीचा पिन. परत टाकला, परत तेच. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मशीन बिघडलं असेल असं समजून बाबा बाहेर पडले आणि घरी आले.

रुमालात कार्ड बदललं होतं. पिन त्याने आधीच पाहून ठेवला होता. हातात आलेलं कार्ड त्याच बँकेचं, त्याच रंगाचं. शाखेत हातोहात मिळणाऱ्या कार्डावर नाव नसतं, त्यामुळे वाचून कळायला काही जागाच नव्हती. बरोबर पिन टाकूनही मशीन दोनदा चुकीचा म्हणालं, ही एकच खूण होती. त्याच क्षणी कार्डावरचे शेवटचे चार आकडे जुन्या मेसेजशी ताडून पाहिले असते, तर कार्ड तिथल्या तिथे बंद करता आलं असतं. पण ते चार आकडे आपल्यापैकी किती जणांना पाठ आहेत? मलाही नव्हते.

आमच्या वाडीत रेंज नाही. फोन लागतो तो वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर. चतुर्थीच्या सकाळी पाट घेऊन आम्ही गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती बनवतात तिथे, निघालो, सडा चढलो आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात फोन एकामागून एक वाजायला लागला. मी काढून मेसेज वाचले. मंगळवारी दुपारी कणकवलीत दहा हजार आणि लगेच परत दहा हजार. मग एका पेट्रोल पंपावर ४,९०० (पाच हजारांपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी पिन न विचारता पैसे जातात, ते असं). संध्याकाळी कोल्हापुरात मोबाईलच्या दुकानात २८,५००. रात्री बारा वाजून गेल्यावर दोनदा दहा हजार, कारण दिवसाची मर्यादा बाराला नव्याने सुरू होते आणि चोरांना ते नेमकं ठाऊक असतं.

यांच्या मध्येच बँकेचा एक वेगळा मेसेज होता. त्याच दुकानातला ३१,००० चा दुसरा व्यवहार संशयास्पद वाटल्याने नाकारला आहे, तो तुम्ही केला होता का, हे कळवा. त्याच सुमाराचे दोन मिस्ड कॉलही होते. म्हणजे बँकेच्या यंत्रणेला रात्री साडेआठलाच शंका आली होती. विचारणा आमच्यापर्यंत पोचली नाही, आणि उत्तर येईपर्यंत कार्ड मात्र चालूच ठेवलं. ते बंद केलं रात्रीचे वीस हजार गेल्यावर.

बाबा सड्यावरच एका दगडावर बसले. "मी पिन कोणाक सांगूक नाय रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मोठे काका म्हणाले, "पाच दिस जावं दी, मगे बघूया. आज घरात गणपती येतत." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. सणाच्या दिवशी घरात रडारड नको, एवढाच त्यांचा हेतू. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मला ऑफिसच्या कामामुळे माहीत होतं. त्या वेळी नियम असा होता: चूक बँकेची नाही, ग्राहकाची नाही, तिसऱ्यानेच पैसे काढले, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे दहा हजारांपर्यंतचा भार पडू शकतो. सातव्या दिवसानंतर बँकेचं धोरण असेल तसं. मेसेज मिळाल्याचा दिवस मोजत नाहीत आणि दिवस आपल्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे धरतात. म्हणजे आमचे तीन दिवस गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. पाच दिवसांचा गणपती आटपून सोमवारी गेलो असतो, तर चौथा दिवस उजाडला असता.

तरी घाईत आणखी एक घात होता होता राहिला. माझ्या चुलत भावाने मोबाईलवर बँकेचं नाव टाकून हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलत होता. पैसे परत मिळवायला एक अ‍ॅप डाउनलोड करा, म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल, म्हणाला. मी फोन हिसकावून घेतला. बँकेचा खरा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. आमच्या हातातलं कार्ड परक्याचं होतं, पण बँक तीच, म्हणून नंबरही तोच. त्यावर फोन केला, तक्रार क्रमांक घेतला, वेळ लिहून ठेवली: १० वाजून ४२ मिनिटं. मग १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावली, तिसऱ्या खेपेला लागली. त्या दुकानाच्या खात्याकडे जाणारे २८,५०० तिथूनच रोखले गेले. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार सड्यावर बसूनच भरली. गणपती आणायला तासभर उशीर झाला.

गुरुवारी शाखेत लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. अर्जातच एटीएममधल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण जपून ठेवा अशी मागणी केली, कारण ते काही काळाने पुसलं जातं. बदललेलं कार्डही दाखवलं. अधिकाऱ्यांनी नंबर टाकून पाहिला. पाच महिन्यांपूर्वी बंद केलेलं, खातं दुसऱ्याच जिल्ह्यातलं. तेही कुणाच्या तरी हातातून असंच गेलं असणार. आम्ही ते पोलीस ठाण्यात जमा केलं. बाबांनी वाटेत विचारलं, "त्येका तरी पैशे गावले काय?"

बँकेचं पहिलं उत्तर तीन ओळींचं होतं. व्यवहार चिप आणि बरोबर पिन वापरून झाले, सबब ग्राहकाचा निष्काळजीपणा, अर्ज नामंजूर. असं पत्र आलं की बहुतेक लोक गप्प बसतात. बसू नका. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली होती, आणि कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायलाही सांगितलं होतं. नुसता पिन बरोबर होता एवढ्याने बाबांनी तो कुणाला दिला असं ठरत नाही. आम्ही दुसरं पत्र लिहिलं. त्यात एकच प्रश्न ठळक केला: साडेआठला व्यवहार संशयास्पद म्हणून तुम्हीच नाकारलात, तर मध्यरात्री त्याच कार्डावर रोख रक्कम कशी दिलीत? तीस दिवस उलटूनही समाधान झालं नाही, म्हणून बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तेव्हा लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक योजनेखाली ऑनलाइन तक्रार केली. तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर माहिती मिळते.

दुकानाचे २८,५०० परत आले. लोकपालांकडे तक्रार गेल्यावर मध्यरात्रीचे वीस हजार बँकेने आपणहून जमा केले. दुपारचे वीस हजार आणि पंपावरचे ४,९०० यांचा वाद अजून चालू आहे.

नवीन कार्ड आलं तेव्हा मी शाखेत बसूनच रोख काढायची मर्यादा दिवसाला पाच हजारांवर आणली. टेकवून पैसे देणं, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार तिन्ही बंद केले. ही सोय प्रत्येक कार्डाला द्यावी लागते, मागितली की करून देतात. मेसेज आता माझ्या मुंबईच्या फोनवरही येतात. आणि कार्डाच्या पाठीवर बाबांनी न पुसणाऱ्या पेनाने आईच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आहे. एटीएममधून बाहेर पडताना ते थांबतात, चष्मा वर करतात, आधी ते अक्षर बघतात आणि मग शेवटचे चार आकडे तिकिटांचे नंबर वाचायचे तसे एकेक करून वाचतात.