फितुरी शिकवताना : रामशेज की व्हिशी?

युद्धकाळात शत्रूशी केलेले सहकार्य हा विषय नैतिक प्रश्न म्हणून वर्गात घ्यायचा ठरला, की नाशिकच्या इतिहास शिक्षकापुढे बहुधा दोन उदाहरणे येतात. एक अगदी जवळचे, रामशेज किल्ल्याचे; दुसरे १९४० ते १९४४ या काळातील फ्रान्सचे, जर्मनीकडून पराभव झाल्यावर तिच्याशी सहकार्य करणाऱ्या मार्शल पेतँ यांच्या व्हिशी सरकारचे. दोन्ही मी वर्गात घेतली आहेत, आणि ज्यांची निवड अजून व्हायची आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव मांडतो.

रामशेजच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पेठ रस्त्याने आशेवाडीला गेले की किल्ला समोर उभा असतो. १६८२ मध्ये पडलेला मोगलांचा वेढा, मूठभर शिबंदीने पाच वर्षांहून अधिक काळ दिलेली झुंज आणि कातड्याने मढवलेल्या लाकडी तोफा ही हकीकत मुलांना तोंडपाठ असते. पूर्वतयारी जवळपास लागतच नाही. प्रश्न येतो तो शेवटच्या भागात, म्हणजे बदलून आलेल्या किल्लेदाराने रक्कम घेऊन किल्ला मोगलांच्या हवाली केला, तिथे.

तिथे वर्ग थांबतो, आणि माझी खरी अडचण हीच होती. ‘पैसे घेतले, फितूर झाला’ एवढे म्हणून पाच मिनिटांत निकाल लागतो. निकाल चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही; परंतु त्या किल्लेदाराची बाजू सांगणारा कागद आपल्यापर्यंत आलेला नसल्यामुळे त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहण्याची संधीच विद्यार्थ्यांना मिळत नाही. आपण मात्र असे कधीच वागलो नसतो या समाधानात सगळे घरी जातात. दरवर्षी हाच निकाल, त्याच आवाजात ऐकल्यावर मी फ्रान्सकडे वळलो. जर्मन आक्रमकांना साथ देणाऱ्या नॉर्वेच्या क्विसलिंगचे उदाहरण घेतले तरी अडचण तीच राहते, कारण तेथेही खलनायक आधीच ठरलेला असतो.

पेतँ यांचे तसे नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनांविरुद्ध व्हर्दँ लढवणारा हा राष्ट्रवीर होता. २२ जून १९४० च्या युद्धबंदी कराराने जर्मनव्याप्त प्रदेशातील फ्रेंच अधिकाऱ्यांना जर्मनांशी सहकार्य करणे बंधनकारक केले होते. आणि आपण देशाची ढाल झालो होतो, असा बचाव पुढे त्यांच्या बाजूने मांडला गेला. फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले, हा आकडा या बचावाच्या बाजूने पुढे केला जातो. मुले क्षणभर गप्प होतात. मग त्यांना सांगावे लागते, की ऑक्टोबर १९४० चा ज्यूविरोधी कायदा जर्मनांनी मागितलेला नसताना व्हिशी सरकारने आपणहून केला होता. येथून खरी चर्चा सुरू होते.

मी सर्वाधिक वेळ १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांवर घालवतो. पॅरिसच्या फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती, आणि कुटुंबांना सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडण्यात आले. पत्ते मिळाले ते ज्यूंच्या १९४० च्या नोंदणीतून तयार केलेल्या कार्डांवरून. कार्ड लिहिणारा कारकून, लोकांना वाहून नेणारा शहर बसचा चालक, दार ठोठावणारा पोलीस आणि आदल्या दिवशी गुपचूप सावध करणारा पोलीस, अशी चार माणसे मी फळ्यावर लिहितो आणि दोषाच्या क्रमाने लावायला सांगतो. देवळालीहून येणाऱ्या, लष्करी घरातल्या एका मुलीने ठामपणे म्हटले होते, “सर, आदेश होता हे मान्य, पण सावध करणाऱ्यालाही तोच आदेश होता ना?” त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, की सकाळी दार ठोठावायला तोही गेलाच असेल. तास संपल्यावरही ती मुले जिन्यात वाद घालत होती. रामशेजच्या तासानंतर असे झालेले मला आठवत नाही.

व्हिशीच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. नकाशा, युद्धबंदी, व्याप्त आणि अव्याप्त प्रदेश हे समजावण्यातच एक तास जातो आणि मराठीत वाचायला देण्यासारखे साहित्य तुटपुंजे आहे. शिवाय ‘परिस्थितीच तशी होती, मग कोणालाच दोष कसा द्यायचा?’ या टोकाला वर्ग घसरू शकतो. तेव्हा १९४५ चा खटला सांगावा : पेतँ यांना देहदंड सुनावला गेला, तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख द गॉल यांनी त्याची जन्मठेप केली, आणि ज्यूंच्या या धरपकडीतील फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी उघडपणे मान्य करायला १९९५ साल उजाडले.

सातवी-आठवीच्या वर्गाला, किंवा एकच तास हाती असेल तर, रामशेज पुरेसे आहे. शक्य असल्यास मुलांना किल्ल्यावरच न्यावे. मुले मोठी असतील आणि वेळापत्रकातून सलग तीन तास काढता येत असतील, तर मात्र माझ्या मते व्हिशीच निवडावे, आणि सुरुवात पेतँ यांच्यापासून न करता त्या कार्ड लिहिणाऱ्या कारकुनापासून करावी.