अंगणातला कोबा काढणारा ठेकेदार: काम चोख, गल्लीतली सफाई कच्ची

सहकारनगरातील आमच्या बंगल्याभोवतीचा जुना काँक्रीटचा कोबा काढून तिथली माती पुन्हा मोकळी करण्यासाठी आम्ही धनकवडीच्या एका ठेकेदाराला काम दिले. कोबा फोडणारे पुण्यात पुष्कळ मिळतात. पण फोडलेल्या मालाचे पुढे काय करणार, या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा हाच भेटला आणि आमची निवड त्यावरच ठरली.

या कामात खरी गोम मापात असते. सहाशे चौरस फूट जागेवरचा चार इंच जाडीचा कोबा म्हणजे दोनशे घनफूट, अर्थात दोन ब्रास माल आणि साधारण साडेतेरा टन वजन. तोच कोबा फोडून ढीग केला की तुकड्यांमधल्या पोकळीमुळे तीन ब्रासच्या आसपास भरतो. त्यामुळे दर ‘ब्रासला इतके’ असा सांगितला गेला, तर माप जागेवरचे की गाडीतले, हे आधीच लिहून घ्यावे. आम्ही विचारलेल्या इतर दोघा ठेकेदारांनी या मुद्द्यावर गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. या ठेकेदाराने मात्र दोन ठिकाणी भोके पाडून जाडी दाखवली आणि वाहतुकीसह एकच रक्कम कागदावर लिहून दिली. निघालेल्या सळ्यांचे भंगार तो नेणार, हेही त्यातच नमूद केले होते.

प्रत्यक्ष कामात त्याच्या माणसांची समज दिसली. ब्रेकर लावण्यापूर्वी त्यांनी जोत्यापासून वीतभर अंतरावर कटरने सरळ चर मारून कोबा घरापासून तोडून घेतला, जेणेकरून हादरे भिंतीपर्यंत पोहोचू नयेत. भिंतीलगतची ती पट्टी आणि ड्रेनेजच्या चेंबरभोवतीचा भाग त्यांनी छन्नी-हातोड्यानेच काढला. चेंबरच्या झाकणावर ओली पोती अंथरली होती, त्यामुळे एकही तुकडा आत गेला नाही. खालचे सोलिंगचे, म्हणजे कोब्याखाली भराव म्हणून रचलेले दगड वेगळे रचून ठेवले, ते आम्हाला बागेच्या कडेला उपयोगी पडले.

राडारोडा योग्य जागी पोहोचवण्याची जबाबदारी 2016 च्या केंद्रीय नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यासारख्या घरमालकावरही टाकली. तरीही मुठेच्या काठाने किंवा कात्रजच्या डोंगरउतारावर फिरले की अनेकांचा माल कुठे रिकामा होतो ते दिसतेच. वाघोलीला महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे. माल तिथेच न्यावा आणि शेवटचा हप्ता तिथली पावती मिळाल्यावरच दिला जाईल, अशी अट आम्ही घातली होती. ठेकेदाराने ती कुरकुर न करता मान्य केली आणि पाळलीही.

तक्रारी दोन आहेत. गल्ली अरुंद असल्याने डंपरऐवजी छोटे टेम्पो आणावे लागले आणि त्यांच्या वेळेचा भरवसा अजिबात नव्हता. एक ढीग रात्रभर फाटकाबाहेर पडून राहिला व शेजाऱ्यांना गाडी काढता आली नाही. दुसरे म्हणजे, धूळ बसवण्यासाठी मारलेल्या पाण्याचा सिमेंटमिश्रित चिखल पावसाळी गटाराच्या जाळीपाशी तसाच सोडून माणसे निघून गेली. फोन केल्यावर दोघे जण येऊन तो खरवडून गेले, पण तोवर तो निम्मा वाळून घट्ट झाला होता. कागदावर ‘साफसफाईसह’ एवढाच शब्द होता. त्यात फाटकाबाहेरचा रस्ता आणि गटाराची जाळी येते, हे स्पष्ट लिहून घेतले तर या ठेकेदाराला काम द्यायला हरकत नाही.