पृथ्वीच्या नावांचा तक्ता: घ्यावा, पण टांगण्याआधी दुरुस्त करावा

जळगाव-धुळ्याकडे शालेय साहित्याच्या दुकानांत सध्या पृथ्वीच्या परभाषांतल्या नावांचा एक लॅमिनेटेड तक्ता मिळतो. आकार २० बाय ३० इंच, किंमत १२० रुपये. खाली लॅटिन नावाचं खोड, वर भाषांच्या फांद्या. भूगोल आणि भाषा एकाच तासाला शिकवता येतील, असं मराठीतलं साहित्य क्वचितच हाती लागतं. छपाई स्वच्छ आहे, अक्षरं मागच्या बाकावरूनही वाचता येतात. चुका मात्र नेमक्या मोक्याच्या जागी आहेत.

पहिली चूक खोडातच. तिथे ‘टेरा’ छापलं आहे, तो इंग्रजीचा उच्चार. लॅटिनच्या लेकी म्हणाव्यात अशा या भाषांत जीभ दाताला टेकते, म्हणून ‘त’ हवा. आणि र दुहेरी, ‘भर्रकन’मधला. इटालियन ‘तॅर्रा’, स्पॅनिश ‘त्येर्रा’, फ्रेंच ‘तॅर’ (यातला र घशातून), ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर ‘तॅहा’. स्पॅनिशमधला ‘त्ये’ मुलं हमखास विचारतात. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ए-वर आघात (बोलताना जोर) आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘ये’ होतो. दगडाला लॅटिनमध्ये ‘पेत्रा’, स्पॅनिशमध्ये ‘प्येद्रा’. इटालियनमध्ये हा बदल अवयव (शब्दाचा एका झटक्यात उच्चारलेला तुकडा) उघडा, म्हणजे स्वराने संपणारा, असेल तरच होतो. ‘पे-त्रा’ उघडा म्हणून ‘प्येत्रा’ झाला, ‘तॅर-रा’ बंद म्हणून तसाच राहिला. तक्त्यात या दोन शब्दांची जोडी दिली असती तर नियम आपोआप दिसला असता.

दुसरी चूक मोठी. इंग्रजी ‘अर्थ’ याच खोडाला जोडलं आहे. तो शब्द जर्मन ‘एर्ड’च्या घराण्यातला, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. लॅटिनकडून इंग्रजीने घेतले ते टेरिटरी, टेरेस, मेडिटरेनियन. यातला शेवटचा फळ्यावर लिहाच: मधोमध जमीन, म्हणजे आपला शब्दशः ‘भूमध्य’.

रोमानियनच्या फांदीवरही ‘टेरा’च आहे. तो शब्द तिथे चालतो, पण रोजच्या बोलण्यातला शब्द ‘पमिंत’. तो आला लॅटिन ‘पाविमेंतुम’पासून, म्हणजे चोपून घट्ट केलेली जमीन. धाब्याच्या घरात धुमसाने ठोकून सारवलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. मूळ ‘तेर्रा’चा तिथे ‘त्सारा’ झाला आणि अर्थ देश असा झाला. हा ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधला च.

खोडाखाली नुसतं ‘जमीन’ लिहून सोडलं आहे, तेही अपुरं. ‘तेर्रा’ या शब्दाचा मूळ अर्थ कोरडी, म्हणजे समुद्राच्या उलट ती. भाषाशास्त्रज्ञ त्याचा धातू संस्कृत ‘तृष्’शी जोडतात. त्याच धातूतून ‘तृष्णा’ आली आणि तिची मराठी ‘तहान’ झाली. वैशाखात भेगाळलेली काळी जमीन वर्गाच्या खिडकीतून दिसत असताना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार? टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. त्यातला ‘कोटा’ आपल्या ‘पक्व’चा नातलग. वर्गातला माठ टेबलावर ठेवून दोन्ही शब्द एकदम शिकवता येतात.

दुरुस्ती सोपी आहे. इंग्रजीच्या फांदीवर पांढरा स्टिकर लावून ती जर्मनच्या नावाने बाजूला काढावी. ‘ट’वर छोट्या चिठ्ठ्या चिकटवून ‘त’ लिहावा. मार्कर परमनंट घ्यावा, साधी शाई लॅमिनेशनवरून पुसली जाते. चुकलं तर स्पिरिटच्या बोळ्याने निघतं. नावांआधीची उपपदं तक्त्यात नाहीत, तीही लिहावीत: फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन ‘ला’, पोर्तुगीज ‘आ’. या चारही भाषांत हे नाव पृथ्वीसारखंच स्त्रीलिंगी आहे. रोमानियन उपपद शब्दाच्या शेवटी लागतं, ‘पमिंतुल’, आणि शब्द नपुंसकलिंगी.

दुहेरी टेपने भिंतीला चिकटवू नका. पारा ४५ अंशांकडे गेला की गोंद मऊ पडतो आणि चुन्याच्या भिंतीचा पापुद्रा घेऊन तक्ता खाली येतो. वर-खाली लाकडी पट्टी ठोकून खिळ्याला टांगावा, खालच्या पट्टीच्या वजनाने गुंडाळीचा बाकही निघतो.