जुन्या ब्लूज तबकड्यांची गती आणि ऑडॅसिटी : एक परीक्षण

१९२० आणि १९३०च्या दशकांतील अमेरिकन ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीतातून आलेले गाणे, मन लावून ऐकणाऱ्याला कधी ना कधी अशी शंका येते, की कानावर पडणारा हा उंच, ताणलेला आवाज त्या गायकाचाच आहे, की तबकडी ज्या गतीने कोरली गेली त्याहून वेगाने फिरवल्यामुळे तो तसा भासतो आहे. ब्लूज गायक आणि गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची ध्वनिमुद्रणे तर सुमारे २० टक्के वेगवान आहेत, असे ठामपणे मानणारे श्रोते आहेत. हा दावा घरी बसून पारखायचा असेल तर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याची साधने समजून वापरायला हवीत.

‘चेंज पिच’ फक्त पट्टी बदलते आणि ‘चेंज टेम्पो’ फक्त लय, त्यामुळे या कामाला दोन्ही निरुपयोगी आहेत. तबकडीची गती चुकली की पट्टी आणि लय एकत्रच सरकतात, म्हणून ‘चेंज स्पीड अँड पिच’ हेच साधन वापरावे. या तबकड्यांच्या गतीसाठी सांगितला जाणारा मिनिटाला ७८ फेरे हा आकडाही ढोबळच आहे : ६० हर्ट्झच्या विजेवर तबकडी ७८.२६ आणि ५० हर्ट्झच्या विजेवर ७७.९२ फेरे घेत असे. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने त्याची फार चिंता करण्याचे कारण नाही.

२० टक्क्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २० टक्के वाढलेली गती मूळपदावर आणायला टक्केवारीच्या रकान्यात उणे १६.७ भरले की गती ६५ फेऱ्यांवर येते आणि गाणे पेटीच्या तीनहून किंचित अधिक पट्ट्या खाली उतरते. ‘कम ऑन इन माय किचन’वर हा प्रयोग अवश्य करून पाहावा, कारण त्यात जॉन्सन मध्येच गाणे थांबवून वाऱ्याविषयी हलक्या आवाजात बोलतो आणि गती पारखायला गाण्यापेक्षा बोलणे अधिक भरवशाचे असते. गती उतरवल्यावर ते शब्द जड जिभेने उच्चारल्यासारखे ओढले जातात आणि तारेवरच्या आघाताची धार बोथट होते. शिवाय जॉन्सनचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओला आणि जून १९३७मध्ये डॅलसला झाले. सात महिन्यांच्या अंतराने, दोन शहरांत, यंत्र एकाच प्रमाणात मंद चालले असे मानणे मला पटत नाही. तीन-चार टक्क्यांच्या चुकीची शक्यता मात्र मी नाकारणार नाही.

आवाजातील कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे याचा आलेख काढणारे ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ हे साधन मला विशेष मोलाचे वाटते. गाणे सुरू होण्यापूर्वीचा खरखरीचा भाग निवडून त्यात विजेची घरघर शोधता येते : मूळ मुद्रणातच ६० हर्ट्झची घरघर उतरली असेल, तर चुकीच्या गतीवर तिचे शिखर ६०वरून हललेले दिसते. त्यासाठी आलेखाची बारकाई ठरवणारा ‘साइझ’ हा आकडा ६५५३६पर्यंत वाढवावा, नाहीतर आलेख इतका ढोबळ येतो की दोन-तीन हर्ट्झचा फरक त्यात बुडून जातो. बरोबर ६०वर ठाम उभे असलेले शिखर मात्र नंतर प्रत काढणाऱ्या यंत्राचेही असू शकते, आणि साफसफाई केलेल्या सीडींमध्ये हा खालचा भाग बहुधा छाटलेलाच असतो.

गिटारच्या पट्टीवरून निष्कर्ष काढू नये, कारण तारा हव्या तशा लावता येतात आणि कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, पट्टी चढवता येते. साथीला माउथऑर्गन किंवा पियानो असेल तर त्यांचे सूर ठरलेले असल्याने काम बरेच सोपे होते. आपल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांत पेटीचा असाच आधार मिळतो. एकाच बाजूवर गती हळूहळू ढळत असेल तर ऑडॅसिटी ती आपणहून ओळखत नाही, गाण्याची गती जागोजागी बदलू देणाऱ्या ‘टाइम ट्रॅक’वर बिंदू मांडून ती हातानेच सावरावी लागते, आणि हे काम खरोखरच किचकट आहे. मूळ फाइल जशीच्या तशी राखून, दुरुस्त प्रतीच्या नावातच बदललेली टक्केवारी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाला तो निर्णय तपासता येईल.