गुडघा बदललाय, कामावर कधी जाऊ: दीड महिन्याने की तीन महिन्यांनी?

माझे दोन्ही गुडघे बदललेत, आधी डावा आणि साधारण वर्षाने उजवा. नोकरी टेबलावरची, घर बोरिवली पूर्वेला, ऑफिस फोर्टात. डाव्याच्या वेळी दीड महिन्यात जॉइन झाले, उजव्याच्या वेळी तीन महिने घेतले, म्हणून दोन्हीबद्दल सांगते.

बसून काम असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा ४ ते ६ आठवड्यांनी हो म्हणतात आणि खुर्चीतलं काम खरंच जमतं, दर पाऊण तासाने उठून चार पावलं चाललं की झालं. जमत नाही तो प्रवास. लोकलचा दांडा पकडून चढायचं, मागून रेटा, सीट मिळेल याचा भरवसा नाही, चर्चगेटला उतरलं की परत सबवेचे जिने. संध्याकाळी गुडघा गरम आणि टम्म, बर्फ लावून आडवं व्हायचं आणि व्यायाम राहून जायचा. हे मला फार महागात पडलं, कारण गुडघा वाकायला लागतो तो याच पहिल्या दोन-तीन महिन्यांत, माझा डावा कितीतरी दिवस ९५ अंशांपुढे जातच नव्हता, कमी उंचीच्या खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही.

पण पगार चालू राहिला, रजा वाचली, घरात बसून जीव उबतो तो उबला नाही. ज्यांची रजा बिनपगारी होणार त्यांना मी थांबा असं सहज म्हणणार नाही.

उजव्याच्या वेळी साठवलेली सगळी रजा संपली, शेवटचा महिना अर्ध्या पगारावर काढला. पण काठी सुटलेली, जिना धरून का होईना पण नीट उतरता येत होता, फिजिओ एक दिवस चुकला नाही. सूज तेव्हाही होती, ती कित्येक महिने राहते, तीन महिन्यांत सगळं बरं होतं असं कुणी सांगितलं तर धरून बसू नका. आणि यावेळी लोकल सोडली. मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग मेट्रो ३ ने हुतात्मा चौक. दोनदा बदलावी लागते, चालणं होतं, पण लिफ्ट आहेत. सिक्युरिटीत गुडघा वाजू शकतो म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवते.

उभ्याचं काम असेल, शाळा, दुकान, नर्सिंग, तर दीड महिन्याचा विचारच नको, तीन महिने धरूनच चला, ओझं उचलायचं असेल तर त्याहून जास्त. पोटरी अचानक दुखून सुजली किंवा दम लागला तर ऑफिस राहू दे, तडक डॉक्टरकडे जा, रक्ताची गुठळी असू शकते.

माझ्या मते घरून काम किंवा अर्धा दिवस मिळत असेल तरच दीड महिना, नाहीतर तीन. हे ऑपरेशनच्या आधीच साहेबांकडून लिहून घ्या, आणि ऑफिसात कमोड आहे ना तेही बघा, उकिडवं बसायचं नसतं. जॉइन व्हायच्या आधी एखाद्या रविवारी कुणाला तरी सोबत घेऊन ऑफिसपर्यंत जाऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते बघून मग तारीख कळवा.